सामान कुठेच गेलं नाही, तरी पॅकर्सना चार स्टार

पॅकर्स-मूव्हर्सचे रिव्ह्यू लोक सामान पोचल्यावर लिहितात. माझं सामान विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून हललंच नाही. तिसऱ्या मजल्यावर बांधलं, तिसऱ्या मजल्यावरच सोडलं, आणि जो ट्रक गुजरातला जायचा तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आला नाही. तरी लिहितेय. फ्रिज धडपणे पोचवणारे मुंबईत डझनाने मिळतील. "भाऊ, जाणं रद्द झालंय" म्हटल्यावर फोन न कापणारा मिळणं मुश्कील.

नाव लिहीत नाही. ते आमच्या कंपनीच्या व्हेंडर-यादीत आहेत, नाव आलं की कंपनी कोणती हे ऑफिसातल्या कुणालाही कळेल, आणि मला तिथे अजून नोकरी करायचीय. त्यांचा गाळा भांडुपला आहे, तेव्हा 'भांडुपवाले' म्हणू.

आधी जाणं का निघालं आणि का बारगळलं ते सांगते. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) आमच्या ऑफिसचा बॅक-ऑफिसचा भाग गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत हलवायचा असं वरून ठरलं. ऑफिसच्या टाउनहॉल मीटिंगमध्ये स्लाइडी दाखवल्या: तिकडे भाडी किती स्वस्त, रस्ते किती मोकळे. टाळ्या वाजवल्या त्या बहुतेक ज्यांना जायचं नव्हतं त्यांनी. पण पगारवाढ बरी होती, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, मुलगी नुकतीच बारावी झालेली. सासूबाई "नर्मदेच्या पलीकडे जायचं म्हणजे काय" असं म्हणत का होईना, तयार झाल्या.

आता मुंबईतून काहीही गुजरातला निघालं की महाराष्ट्रात ठिणगी पडते, आणि ती उगाच पडत नाही. आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र बीकेसीत होणार हे आम्ही या धंद्यातले लोक वर्षानुवर्षं ऐकत आलो. २०१५ मध्ये ते गिफ्ट सिटीत सुरू झालं. २०२० मध्ये त्याच्या प्राधिकरणाचं मुख्यालयही गांधीनगरला देण्याचं ठरलं, तेव्हा शरद पवारांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध केला. २०२२ च्या सप्टेंबरात तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला, पाठोपाठ ऑक्टोबरात टाटा-एअरबसचा विमानांचा कारखाना वडोदऱ्याला. (वेदांत-फॉक्सकॉन तिकडेही उभा राहिला नाही. २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्यावर मात्र कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.)

या यादीत आमची भर पडायला नेमका निवडणुकीचा हंगाम गाठला गेला. गेटवर झेंडे आले. एका पक्षाने निवेदन दिलं, दुसऱ्याने तेच जास्त मोठ्या आवाजात दिलं, आणि चॅनेलवर आमची काचेची बिल्डिंग दिवसभर फिरत राहिली. शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी मेल आला: बदललेली व्यावसायिक परिस्थिती लक्षात घेता स्थलांतर रद्द करण्यात येत आहे. राजकारणाचा 'रा'सुद्धा नाही.

मेल वाचून टीममधला एकजण जोरात हसला. त्याने पहिल्या दिवसापासून आम्हाला डिस्नीचं उदाहरण सांगून पिडलं होतं. डिस्नीने २०२१ च्या जुलैत जाहीर केलं होतं की कॅलिफोर्नियातल्या सुमारे २,००० नोकऱ्या फ्लोरिडात, ऑर्लँडोच्या लेक नोना भागात न्यायच्या. त्यासाठी जवळपास १ अब्ज डॉलरचं संकुल बांधायचं. २०२२ मध्ये फ्लोरिडाने शाळेच्या वर्गात लैंगिक कल आणि लिंगओळख या विषयांवर काय शिकवावं यावर बंधनं घालणारा कायदा केला. डिस्नीने आधी तोंड बंद ठेवलं, मग कर्मचारीच चिडल्यावर विरोध केला, आणि गव्हर्नर रॉन डिसँटिस कंपनीच्या मागे लागले. डिस्नी वर्ल्डच्या जमिनीवर १९६७ पासून कंपनीला स्वतःची नगरपालिका असावी तसे अधिकार होते. ते चालवणारं मंडळच राज्याने आपल्या ताब्यात घेतलं. २०२३ च्या एप्रिलात डिस्नी कोर्टात गेली, आणि १८ मे रोजी लेक नोनाचा बेत रद्द झाल्याचं कर्मचाऱ्यांना कळवलं. कारण? नवं नेतृत्व आणि बदललेली व्यावसायिक परिस्थिती. आमच्या एचआरने निदान दुसरे शब्द तरी शोधायचे!

त्यातलं माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य आणि डिस्नी यांची तडजोड झाली, झालं गेलं विसरून. पण जे कॅलिफोर्नियातलं घर विकून आधीच फ्लोरिडात गेले होते, त्यांच्यापैकी काहींनी त्याच वर्षी कंपनीवर दावा लावला. वरच्यांचं वरच्यावर मिटतं, खाली बांधलेल्या सामानाचं काय करायचं हे ज्याचं त्याने बघायचं. आपल्याकडे सुरतेचं उदाहरण ताजं आहेच. १७ डिसेंबर २०२३ ला डायमंड बोर्सचं, म्हणजे हिरेबाजाराचं, थाटात उद्घाटन झालं, बीकेसीतले हिरेवाले आता सगळे जाणार अशी हवा होती, आणि पुढच्याच महिन्यात तिकडे गेलेल्या एका बड्या कंपनीने परत मुंबईची वाट धरली. त्या फेऱ्यात किती घरांची खोकी दोनदा बांधली गेली असतील!

तर आता भांडुपवाले.

कोटेशन मी अनेकांकडून मागवलं. बहुतेकांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागितला आणि पाच मिनिटांत आकडा टाकला, "वन बीएचके ना मॅडम? सगळं धरून २६ हजार." भांडुपवाल्यांनी माणूस पाठवला. चष्मा लावलेला, खांद्याला सॅक अडकवलेला पोरगा. त्याने माळा उघडायला लावला, दिवाण वर करून आत बघितलं, गोदरेजच्या कपाटाची रुंदी घेतली आणि मग खाली जाऊन जिन्याच्या वळणाला टेप लावला. लिफ्ट नाही, हे सांगायची वेळच आली नाही. चौदा फुटी गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, तेव्हा छोट्या टेम्पोने हायवेपर्यंत एक फेरी लागेल, हेही त्यानेच सांगितलं. बाकीच्यांनी हे सामान उचलायच्या दिवशी सांगितलं असतं आणि वर तीन हजार मागितले असते. सगळे तेच करतात.

कोटेशन आलं ३४,५०० चं, वर १८ टक्के जीएसटी. नवरा म्हणाला, लुटतायत. पण मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये बिलं तपासलीत, मला तो कागद आवडला. पॅकिंग ९,०००. तिसऱ्या मजल्यावरून उतरवणं आणि भरणं ४,५००. वाहतूक १४,०००. तिकडे उतरवून उघडून देणं ४,०००. विमा ३,०००, म्हणजे सामानाची १ लाख किंमत धरून ३ टक्के. विम्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: गाडी भरल्यावर बिल्टीचा (माल गाडीत चढल्याच्या पावतीचा) नंबर घालून विमा कंपनीचं सर्टिफिकेट निघेल, त्याआधी विम्याचे पैसे घेणार नाही. या धंद्यात ३ टक्के गोळा करून पॉलिसीच न काढणारे भरपूर आहेत, तेव्हा ही एक ओळ मला २६ हजारांच्या आकड्यापेक्षा स्वस्त वाटली. ॲडव्हान्स १०,००० भरला.

पॅकिंग दोन हप्त्यांत होतं. रोज न लागणारं आधी, बाकीचं गाडीच्या दिवशी. पहिल्या हप्त्याला मुकादम आणि तीन पोरं आली. मुकादम माणगावकडचा, पन्नाशीचा, बोलणं कमी. त्याचं काचसामान भरणं मी जवळ स्टूल टाकून बघत बसले होते. छापील रद्दी त्याने हातात धरली नाही, शाई लागते म्हणून कोरा कागद. खोक्याच्या तळाला चुरगळलेल्या कागदाची गादी, त्यावर बश्या आडव्या न रचता उभ्या, कपाटातल्या फायली लावाव्यात तशा. आडव्या बश्यांच्या थरात धक्का बसला की सगळा भार सगळ्यात खालचीवर येतो, उभी बशी आपापलं सांभाळते, असं त्याने विचारल्यावर सांगितलं. पेल्यांच्या पोटात कागद, मग बाहेरून कागद. भरलेलं खोकं दोन्ही हातांनी जरा हलवून कानाशी नेलं, काहीतरी किणकिणलं, उघडलं, अजून एक बोळा कोंबला. खोक्याचा नंबर आणि खोली वरच्या झाकणावर न लिहिता दोन बाजूंना लिहिली. एकावर एक रचल्यावर झाकण दिसतंच कुणाला?

प्रत्येक वस्तू यादीत चढली, तिच्या अवस्थेसकट. 'कपाट, डाव्या दाराला पोचा.' 'शोकेस, काच अखंड.' 'शिलाई मशीन, पट्टा सैल.' माझी सही, त्याची सही, एक प्रत मला. ही यादी नंतर फार कामाला आली.

देव्हाऱ्यापाशी गाडी अडली. एक पोरगा सवयीने बबल रॅप घेऊन पुढे झाला आणि सासूबाई मध्ये उभ्या. मुकादमाने पोराला मागे घेतलं. "आजी, देव तुमचे तुम्ही पिशवीत घ्या. आम्ही देवांना, दागिन्यांना न् कागदपत्रांना हात लावत नाही. रिकामा देव्हारा तेवढा द्या." सासूबाईंनी देव दिले नाहीत आणि देव्हाराही दिला नाही, पण त्यानंतर त्या पोरांना चहाबरोबर चिवडा मिळायला लागला.

दोन तक्रारी इथल्याच. एक, कपाटाची दारं उघडू नयेत म्हणून थेट रंगावर ब्राऊन टेप मारला. निघाला, पण डिंक राहिला. खोबरेल तेल चोळचोळून तो मी काढला, तरी उन्हात अजून पट्टा दिसतो. आधी स्ट्रेच फिल्म गुंडाळून तिच्यावर टेप मारायला काय जातं? दोन, खोकी नवी नव्हती. एकावर आधीच्या कुणाच्या तरी हस्ताक्षरात 'दिवाळीचे कंदील' लिहिलेलं होतं. पैसे नव्या मालाचे लावलेत.

मग तो गुरुवार. गाडी शनिवारी पहाटेची ठरलेली, कारण दिवसाच्या गर्दीच्या तासांत मुंबईत जड गाड्यांना बंदी. घरात चालायला जागा नाही, अर्धा संसार खोक्यांत, आणि मोबाइलवर मेल. मी भांडुपच्या मालकांना फोन लावला तेव्हा मनात धरूनच चालले होते की दहा हजार गेले.

"ताई, तुमच्याच कंपनीचा हा आजचा चौथा फोन," ते म्हणाले. "पॅकिंग झालंय त्याचे पैसे होतील. आणि गाडी ब्लॉक आहे, निघायला ४८ तासांहून कमी उरलेत, तेव्हा वाहतुकीचे २५ टक्के." म्हणजे ३,५००. कागद काढून बघितला. तसंच लिहिलेलं होतं, तेव्हा भांडायला जागा नव्हती. मी एवढंच म्हटलं, "दादा, गाडीला दुसरं भाडं मिळालं तर?" "मिळालं तर बघू," म्हणाले. असं 'बघू' आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

शुक्रवारी दुपारी त्यांचाच फोन. गाडीला वापीपर्यंतचा माल मिळाला, उरलेल्या खोटीचे १,५०० द्या. मी न विचारता. हा एक फोन झाला नसता तर हा रिव्ह्यू मी लिहिला नसता.

शनिवारी गाडीऐवजी तोच मुकादम दोन पोरं घेऊन खोकी सोडायला आला. उतरवण्याचा प्रश्न नाही म्हणून ४,००० चे २,००० लावले. यादीप्रमाणे एकेक खोकं उघडलं, वस्तू जागच्या जागी, कोयता-विळीसुद्धा. आणि शेवटी शेवटी, शोकेस सरळ करताना, काच गेली. कोपऱ्यातून तिरपी चीर. मालक फोनवर म्हणाले, "आधीच तडकलेली असेल, ताई." मी यादीचा फोटो पाठवला, 'काच अखंड', खाली त्यांच्याच माणसाची सही. काच बसवून घेतली, ९०० चं बिल त्यांना पाठवलं. पैसे आले, पण रडतरडत. फोन करा, आठवण करा, 'आज टाकतो'. पाचवा स्टार तिथे गेला. टेपचा डिंक मी माफ केला असता.

अंतिम बिल: पॅकिंग ६,०००, उघडून देणं २,०००, रद्द आकार १,५००. एकूण ९,५००, जीएसटी १,७१०, बेरीज ११,२१०. ॲडव्हान्स वजा जाता मी वर १,२१० भरले. विम्याचा एक पैसा नाही, चढवण्याचा नाही.

खरी करामत या बिलाने पुढे केली. कंपनीची पॉलिसी अशी की सामान हलवल्याचा खर्च बिल्टी जोडली की मिळेल. गाडीच निघाली नाही तर बिल्टी कुठली? एचआरने पहिल्या फटक्यात सगळ्यांचे क्लेम परत पाठवले. स्थलांतर तुम्ही रद्द केलंत आणि स्थलांतर झाल्याचा पुरावा आम्ही द्यायचा! भांडुपवाल्यांच्या बिलावर मात्र प्रत्येक टप्पा वेगळा, तारखा वेगळ्या, आणि खाली ओळ: ग्राहकाच्या कंपनीने स्थलांतर रद्द केल्यामुळे वाहतूक झाली नाही. मी हे बिल घेऊन आमच्याच अकाउंट्समध्ये गेले, आणि त्यांना नाही म्हणायला कारण सापडेना. पास झालं. त्याच नमुन्यावर आणखी काहींची पास झाली.

ज्यांनी एकरकमी कोटेशन घेतलं होतं त्यांचं अवघड झालं. 'सगळं धरून २६ हजार' यातलं पॅकिंग किती, गाडी किती, कोण सांगणार? डोंबिवलीच्या आमच्या एका सहकाऱ्याने एका ॲपवरून सर्वांत स्वस्त माणूस धरला, १५,००० आगाऊ दिले, आणि रद्द म्हटल्यापासून त्या माणसाचा नंबर बंद. त्याला मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर दिलाय, तक्रार नोंदवलीय, पुढचं पुढे. आणि एकजण तर आधीच पोचला होता. तिकडे घराचं डिपॉझिट भरलेलं, इकडच्या शाळेतून मुलाचा दाखला काढलेला. त्याच्याबद्दल एचआर म्हणतं 'केस-टू-केस बघू'. ते 'बघू' कधी फळेल कोण जाणे. त्याला परत यायचंय, आणि शाळेत ती सीट राहिलेली नाही.

तुम्ही यांना बोलवावं का? घर गावातल्या गावात, टेम्पोच्या एका फेरीत हलवायचं असेल तर नको, महाग पडतील. नाक्यावरचा टेम्पोवाला आणि घरचे चार हात पुरतात. पण नोकरीच्या बदलीवर चाललात, आणि बदली देणाऱ्याचा शब्द पेपरातल्या बातम्यांवर हलतोय असं वाटत असेल, तर कोटेशन यांच्यासारखं फोडून मागा. पॅकिंग किती, गाडी किती, किती तास आधी रद्द केलं तर किती कापणार, विमा कधी सुरू होणार. जो हे लेखी द्यायला कां-कूं करतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची मीटिंग झालीय आणि या खेपेला बिल्डर खरंच येईल असं सेक्रेटरी छातीठोकपणे सांगतायत. आला तर दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागतील. तेव्हा भांडुपवाल्यांनाच फोन करणार, तोच मुकादम मागणार. शोकेस रिक्षातून मी मांडीवर घेऊन जाईन.